बसायची सोय नसलेला थांबा

भिंगरीला एक खोड होती, आणि ती खोड नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. झेरॉक्सच्या दुकानात कामाला ना ती, तर मशीनवर जो कागद येईल तो वाचल्याशिवाय तिला राहवायचं नाही. लोकांचे भाडेकरार, रक्ताचे रिपोर्ट, कुणाकुणाचे राजीनामे, सगळं. काउंटरच्या पलीकडून गिऱ्हाइकाने उलटा धरलेला कागदसुद्धा ती सरळ असल्यासारखा वाचायची. नाव काही भिंगरी नव्हतं तिचं. लहानपणी पाय एका जागी ठरायचे नाहीत म्हणून आत्याने एकदा म्हटलं, आणि चिकटलं ते चिकटलंच.

तर एका सकाळी तिने मशीनचं झाकण उघडलं आणि बघते तर काय, काचेवर कुणाचा तरी विसरलेला कागद. वर ठळक अक्षरात, 'लोकवाहतूक सुधारणा साहाय्य : पात्रतेच्या अटी'. भिंगरीने तो उभ्या उभ्या वाचला. मग स्टुलावर बसून वाचला. मग त्याच्या दोन प्रती काढल्या, मालकाला म्हणाली, "आलेच हं," आणि जी सुटली ती थेट घरी.

घरी आत्या खिडकीशी बसली होती. आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा व्यायामाला बोलावलं होतं. गोल फेरीच्या बसने सात थांबे. व्यायामाला आत्याची ना नव्हती. तिचं वाकडं होतं ते बसच्या पायरीशी. ती पायरी इतकी उंच की वरून कंडक्टरने ओढायचं आणि खालून कुणीतरी उचलायचं, तेव्हा कुठे आत्या आत. आणि ही आत्या म्हणजे कोण, तर तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून भल्याभल्या साहेबांना "लाइन धरून ठेवा" म्हणून दटावलेली बाई. तिने परवाच सांगून टाकलं होतं, "हा महिना संपला की माझं जाणं बंद. पाय चालला तर चालला. पण पोतं होऊन मी चढणार नाही."

डॉक्टर म्हणत होते, व्यायाम थांबला तर खुबा आखडेल आणि मग वॉकर घेऊन चालणंही सुटेल. म्हणजे पलंग आणि खिडकी, बस्स. हे आत्याला माहीत होतं, भिंगरीलाही माहीत होतं, आणि दोघी त्यावर बोलत नव्हत्या.

"आत्या, चौथरा," भिंगरी दारातूनच म्हणाली.

"कसला चौथरा? आधी श्वास घे."

"थांब्यावर. बसच्या पायरीएवढा उंच. चढायला उतार. वॉकर घेऊन तू थेट आत. वर छप्पर, खाली बाक. सगळं सरकार करून देतं. फक्त आपण पात्र पाहिजे."

"आपण कशालाच पात्र नसतो," आत्या म्हणाली, पण कागद घेतला. चष्मा लावला. बराच वेळ वाचला. मग हळूच म्हणाली, "तिसरी अट वाचलीस?"

वाचली होती की. पहिल्या अटीचं काही नव्हतं. अर्ज नोंदणीकृत मंडळाने करायचा, तर गल्लीतल्या मास्तरांचं मंडळ नोंदलेलं होतंच. निवृत्त झाल्यापासून मास्तर दर महिन्याला त्याची सभा घ्यायचे, आणि सभेचा विषय बहुतेक वेळा सभेला कुणी का येत नाही हाच असायचा. दुसरी अट, अकरा ते दोन या वेळात थांब्यावरून किमान पंचवीस प्रवासी बसमध्ये चढले पाहिजेत. जरा ओढाताण झाली असती, पण जमलं असतं. गोम होती ती तिसरीत. 'पाहणीच्या वेळी थांब्यावर बसण्याची कोणतीही सोय नसावी, मग ती कोणीही केलेली असो.'

आता थांबा कसा होता ते सांगायलाच हवं. सरकारने तिथे एक खांब दिला होता. बाकी सगळं लोकांचं. आधी शिंपीणकाकूंनी एक स्टूल ठेवलं, बस तासाने येते, पाय दुखतात म्हणून. मग सलूनवाल्या काकांनी नवी खुर्ची घेतली तेव्हा जुनीला चाकं लावून ती तिथे आणून सोडली, तीच ती गोल फिरणारी, दांडा ओढला की वरखाली होणारी. कुणी मोटारीची मागची सीट आणली, कुणी दवाखान्याचा लांब बाक. झाडाला घड्याळ ठोकलं होतं, तेही मुद्दाम सात मिनिटं पुढे, बस चुकू नये म्हणून. दुपारी कॅरम निघायचा. आत्याची हातांची उंच खुर्ची, खाली लाकडी ठोकळे लावलेली, ती तेवढी रोज घरून यायची आणि घरी जायची. लोक तिथे इतके ऐसपैस बसायचे की बस यायची, थांबायची, कंडक्टर विचारायचा, "कुणी येतंय का, की बसलायत सगळे?" आणि डाव रंगात असेल तर कुणी मान वर करायचं नाही.

"म्हणजे आपण स्वतःची सोय स्वतः केली, म्हणून आता सोय मिळायची नाही," आत्या म्हणाली. "बरोबर आहे. एक्स्चेंजमध्ये पण असंच होतं. ज्याचा फोन बिघडलेला नाही त्याची तक्रार कोण घेणार."

"मग बिघडवू की," भिंगरी म्हणाली.

अर्ज गेला. उत्तर आलं, अमुक आठवड्यात पाहणीला माणूस येईल, कुठल्या दिवशी ते सांगणार नाही. भिंगरीने मास्तरांना गाठलं, मास्तरांनी सभा बोलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सभेला सगळे आले, कारण भिंगरीने घरोघरी सांगितलं होतं की खुर्च्या जाणार आहेत.

"सात दिवस," भिंगरी म्हणाली. "सात दिवस सगळं सामान घरात. थांब्यावर फक्त खांब. आणि आपण उभे."

"सात दिवस उभं?" सलूनवाले काका म्हणाले. "अगं, मी दिवसभर उभाच असतो. बसायला म्हणून तर मी थांब्यावर जातो."

"तुम्ही जाता कुठे पण, काका? बस पकडलेली आठवत नाही मला तुम्ही."

"तेच म्हणतोय मी. मला कुठे जायचंच नसतं."

"आता जायचं. पंचवीस माणसं चढायला हवीत. एक थांबा जायचं आणि चालत परत यायचं."

यावर बरीच कुरकुर झाली. शिंपीणकाकू म्हणाल्या, माझ्या स्टुलाने सरकारचं काय घोडं मारलंय. मग मागून आत्या वॉकर टेकत पुढे आली. नुसती उभी राहिली, बराच वेळ, सगळ्यांसमोर. आत्या किती वेळ उभी राहू शकते ते सगळ्यांना माहीत होतं. सलूनवाले काकाच मग पुटपुटले, "बरं बाई, माझी खुर्ची मी नेतो. पण चाकं कुरकुरतात, तेल लागेल."

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी लोक खांबाला आळीपाळीने टेकायला लागले, त्यावरून भांडण. तिसऱ्या दिवशी शिंपीणकाकू एक डबा उलटा घालून बसलेल्या सापडल्या. भिंगरी दुकानातून दर अर्ध्या तासाला धावत यायची, कमरेवर हात ठेवून बघायची. "काकू, डबा."

"डबा म्हणजे काय सोय आहे होय?"

"त्यावर तुम्ही बसलात म्हणजे सोयच."

कंडक्टरची वेगळीच पंचाईत. तो म्हणायचा, "काय चाललंय काय? कालपर्यंत तुम्हाला हाका मारून दमायचो. आज रांगा. आणि सगळे पुढच्याच थांब्यावर उतरतायत. तिथे काय वाटतायत का फुकट?" सलूनवाले काका गंभीरपणे म्हणायचे, "कामं असतात," आणि उतरून चालत परत यायचे.

पाच दिवस गेले. माणूस काही येईना.

सहाव्या दिवशी ऊन असं होतं की खांबाची सावलीसुद्धा आक्रसून उभी. साडेदहाच्या सुमाराला भिंगरी थांब्यावर नजर टाकायला आली, आणि तिथे एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ. काखेत पिशवी, मानेला रुमाल, एक बूट काढून टाच चोळतोय. खांबाला हात टेकून एका पायावर डगमगत होता बिचारा. इथला नव्हता. पत्ता चुकला असेल, किंवा दवाखान्यातून आला असेल.

आता भिंगरी म्हणजे कोण, तर त्याच थांब्यावर वाढलेली मुलगी. कुणी दमलेलं दिसलं की खुर्ची द्यायची, हे तिच्या डोक्यात नव्हतंच मुळी, हातापायांत होतं. ती वळली, घरात गेली, आत्याची उंच खुर्ची उचलली, आणून गृहस्थांच्या मागे ठेवली. "बसा हो काका. उन्हाचं काय उभं राहताय."

गृहस्थ बसले. असा सुस्कारा सोडला की बास. आणि इकडे काय झालं, तर शिंपीणकाकूंनी खिडकीतून बघितलं की भिंगरीनेच खुर्ची ठेवलीय. म्हणजे सुटलो. स्टूल घेऊन त्या बाहेर. त्यांना बघून सलूनवाले काका, फिरती खुर्ची ढकलत, तेल घातलेलं नव्हतंच, ती कुरकुर चार घरांना ऐकू गेली. मग बाक आला, मोटारीची सीट आली, कॅरम आला. मास्तरांनी झाडावर घड्याळसुद्धा परत लावलं. सहा दिवसांचे उपाशी असल्यासारखे सगळे बसले आणि एकमेकांकडे बघून हसले.

"छान व्यवस्था आहे हो तुमची," गृहस्थ म्हणाले.

"मग काय," भिंगरी म्हणाली, आणि तिची छाती नाही म्हटलं तरी फुगली. "या थांब्यावर कुणी म्हणून उभं राहत नाही. आत्तापर्यंतचा रिवाज आहे आमचा."

"असं का," गृहस्थ म्हणाले, आणि पिशवीतून फाइल काढली.

भिंगरीला तो कागद उलटा दिसत होता. पण तिला उलटं वाचता येतं, हेच तर मघाशी सांगितलं. 'लोकवाहतूक सुधारणा साहाय्य. प्रत्यक्ष पाहणी. बसण्याची सोय : आहे / नाही.' पेनाचं टोक 'आहे'वर येऊन थांबलं होतं.

तिने खुर्चीचा हात धरला, जणू ती साहेबांसकट ओढून नेता येईल. सलूनवाले काका डावाच्या मध्यात होते, त्यांना पत्ताच नाही. ते म्हणाले, "साहेब, खेळणार का एक?"

तेवढ्यात मागून वॉकरची टकटक आली. आत्याची अकराची बस होती ना. आत्या आली, खुर्चीपाशी थांबली, तिच्यात कोण बसलंय ते बघितलं, मांडीवरची फाइल बघितली, भिंगरीचा चेहरा बघितला. तीस वर्षं एकाच वेळी दहा लाइनी सांभाळलेली बाई. तिला दुसऱ्यांदा बघायला लागलं नाही.

"उठा," आत्या म्हणाली.

"आजी, मी जरा शासकीय..."

"आजी नाही, आत्या. शासकीय असाल तर आधी उठा. खुर्ची माझी आहे. खाली ठोकळे बघा. सरकारच्या कुठल्या खुर्चीला ठोकळे असतात का?"

साहेब उठले. एक बूट हातात होता.

"हे बघा, मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण अट स्पष्ट आहे. सोय कोणीही केलेली असो. आणि ही मुलगी आत्ता स्वतः म्हणाली की इथे कुणी उभं राहत नाही."

"राहत नव्हतं. खोटं कशाला बोलेल ती," आत्या म्हणाली. "पण अट पुरी वाचा. सुरुवातीपासून. मोठ्याने."

साहेबांनी वाचली. "पाहणीच्या वेळी थांब्यावर बसण्याची कोणतीही सोय नसावी."

"पाहणीची वेळ काय?"

"अकरा ते दोन."

"आत्ता किती वाजलेत?"

सगळ्यांनी झाडाकडे बघितलं. झाडावर अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

"ते नाही," आत्या म्हणाली. "ते आमचं घरगुती. तुमचं बघा, सरकारी."

साहेबांनी मनगट वर केलं. जरा वेळ बघत राहिले. मग नाइलाजाने म्हणाले, "अकराला चार कमी."

"मग पाहणी अजून सुरू झालेली नाही. तुम्ही नुसते पाहुणे आहात." आत्या वळली. "ऐकलंत ना? चार मिनिटं."

आणि मग जी पळापळ झाली. बाक दोघांनी उचलला तर त्यावर बसलेले मास्तर उठायचेच विसरले, चार पावलं तसेच गेले. कॅरमच्या सोंगट्या रस्ताभर. शिंपीणकाकू स्टूल डोक्यावर घेऊन पळाल्या. मोटारीची सीट कुणाच्या दारातून गेली ते अजूनही ठरलेलं नाही. सलूनवाल्या काकांची खुर्ची अर्ध्या वाटेत रुसली, एक चाक निखळलं, तेव्हा तिला आडवी करून फरफटत नेली. भिंगरीने आत्याची खुर्ची पोटाशी धरली आणि अशी पळाली की दाराला थडकून ठोकळा उडाला. परत आली तेव्हा साहेब मनगटाकडे बघत होते, आणि थांब्यावर एक खांब आणि त्याच्याभोवती धापा टाकणारी माणसं.

"अकरा," साहेब म्हणाले.

आणि बस वळली.

बस थांबली तसा कंडक्टर सवयीने पुढे झाला, वरून हात दिला. खालून उचलायला नेहमी सलूनवाले काका असायचे, पण ते तिकडे चाक शोधत होते. भिंगरी पुढे झाली. आत्याने तिला बाजूला सारलं. क्षणभर त्या पायरीकडे बघितलं. ज्या गोष्टीपायी ती महिनाअखेरीला जाणं सोडणार होती, ती गोष्ट आता परक्या माणसासमोर करायची होती, आणि भिंगरीला कळलं की आत्या ती मुद्दाम करणार आहे.

"साहेब," आत्या म्हणाली, "या. तुम्ही धरा खालून."

"मी?"

"पाहणीच आहे ना. बघण्यापेक्षा उचलून बघा."

साहेबांनी बूट घातला, फाइल भिंगरीच्या हातात दिली, आणि खाली वाकले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा आत्याचा वॉकर त्यांच्या नडगीवर बसला. तिसऱ्यांदा कंडक्टरने "हं, उचला" म्हटलं आणि आत्या वर गेली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. आत जाऊन बसली, पदर नीट केला, आणि खिडकीतून म्हणाली, "वजन लिहू नका."

मागोमाग आठजण चढले, चाक सापडलेले सलूनवाले काका त्यांत शेवटचे. बस गेली. साहेब रुमालाने मान पुसत उभे राहिले, आणि फाइल परत घेताना भिंगरीला म्हणाले, "एका माणसाला मी एकदाच धरणार आहे. ते खुर्चीवाले गृहस्थ तीनदा चढले तरी एकच."

"आम्ही कुठे म्हटलं तीनदा चढणार म्हणून."

"पुढच्या थांब्यावरून मी सकाळी चालत आलो. वाटेत माझ्याबरोबरच इकडे येणारे सहाजण भेटले. सगळे म्हणाले, कामं असतात."

भिंगरीने फाइल देऊन टाकली आणि ती झाडाकडे बघायला लागली.

त्यानंतरचे तीन तास सगळ्यांना फार जड गेले. साहेब उभे. ऊन डोक्यावर. ते कधी या पायावर, कधी त्या पायावर, टाच हळूच बुटातून बाहेर काढायचे, परत घालायचे. आणि आजूबाजूच्या प्रत्येक खिडकीत एकेक खुर्ची होती आणि खुर्चीमागे एकेक माणूस, हात शिवशिवतायत. शिंपीणकाकू तर म्हणाल्या, "मला बघवत नाही ग, मी पडदा लावते." सलूनवाल्या काकांनी दोनदा दाराबाहेर पाऊल टाकलं आणि दोनदा भिंगरीने त्यांना डोळ्यांनीच आत ढकललं. शेवटी ती तांब्या घेऊन गेली.

"पाणी चालतं का नियमात?"

"पाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि सगळा तांब्या एका दमात प्यायले.

बाराच्या बसला आठजण चढले. साहेबांनी सात धरले. कोण वगळलं ते सांगायला नको, हातात चाक होतं त्यांच्या. एकच्या बसला आठ. भिंगरी मनात बेरीज करत होती, आणि साहेबांच्या कागदावरही उलटी वाचत होती. नऊ, सोळा, चोवीस.

चोवीस.

दोनची बस राहिली होती आणि थांब्यावर कुणी नव्हतं. ज्याला ज्याला चढायचं होतं त्याचं चढून झालं होतं. मास्तर तर आत्ता कुठे पुढच्या थांब्यावरून चालत येत होते. भिंगरी स्वतः चढणार, तर ती बारालाच धरलेली, पुढच्या थांब्यावरून पळत आली होती ती. बस वळणावर दिसायला लागली.

दार उघडलं आणि दारात आत्या. व्यायाम करून आलेली, लालबुंद. कंडक्टरने वरून धरलं आणि साहेब न सांगता खाली पुढे झाले. या वेळी पहिल्याच दमात जमलं. आत्याचे पाय जमिनीला लागले, तिने वॉकर धरला, आणि साहेबांकडे वर-खाली बघितलं.

"तीन तास उभे होतात? बसला नाहीत?"

"कुठे बसू?" साहेब म्हणाले. "सोय कुठाय?"

आत्याचं तोंड जरा वाकडं झालं, हसू दाबताना व्हायचं तसं.

साहेबांनी पिशवी काखेला लावली आणि पायरी चढायला गेले. त्यांनाही दांड्याला लोंबकळूनच चढावं लागलं. अर्ध्यात थांबले. मग वर गेले, पहिल्याच सीटवर धपकन बसले, आणि खिडकीतून भिंगरीला दिसलं, त्यांनी फाइल खिडकीच्या काठावर टेकवली. "किती वाजले?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"दोनला एक कमी."

साहेबांनी पेन काढलं. कागद पुन्हा उलटाच होता तिच्या बाजूने. चोवीसवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, पंचवीस. त्याखाली एक ओळ आधीच लिहिलेली होती. 'बसण्याची सोय : नाही. स्वतः उभं राहून खात्री केली.'

बस हलली. भिंगरी नाचायलाच लागणार होती, तर आत्याने तिचं मनगट धरलं.

"थांब. वळली का बस?"

"नाही अजून."

"वळू दे." दोघी उभ्या राहिल्या. खिडक्या खिडक्यांतून सगळे तिकडेच बघत होते. बस कोपऱ्यावर गेली, दिवा मिचकावला, आणि दिसेनाशी झाली.

"वळली," भिंगरी म्हणाली.

"मग आण माझी खुर्ची," आत्या म्हणाली. "आणि तो ठोकळा शोध."